सतरा वेळा ओलांडलं

आधी शुभांगीताईचं नाव लिहितो. कोण पडलं, कुणी पाडलं, कोण चुकलं हे सांगायला लागलो की माझा राग पुढे धावतो आणि तिचं नाव मागे राहून जातं. म्हणून आधीच लिहून टाकतो. शुभांगीताई, मूळची इस्लामपूरची. जर्मनीत, इंगोलश्टाटला आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. माझ्या बाबांच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याची बायको. कॉलेजच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळलेली. वजन, तिच्याच शब्दांत, "लग्नाआधी शेहेचाळीस, नंतरचं विचारायचं नाही."

मी नववीनंतर शाळा सोडलेला माणूस. असलं काही लिहिण्याची सवय नाही. पण गेल्या मंगळवारी जे हाती लागलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

मी सामान हलवणाऱ्या कंपनीत काम करतो. लोक घरं बदलतात, आम्ही त्यांची कपाटं, धुलाई यंत्रं, आजीबाईंचे पियानो जिन्यावरून खाली आणतो आणि दुसऱ्या जिन्यावरून वर चढवतो. मंगळवारचा पत्ता मी नीट वाचला नव्हता. गाडी डॅन्यूबच्या पुलावरून वळली, खताचा आणि कापलेल्या गवताचा वास आत आला, आणि मी पत्ता परत वाचला. आमचं जुनं मैदान. क्लब दुसरीकडे चाललाय, मागची पत्र्याची खोली रिकामी करायची आहे.

दार उघडलं. तोच वास. ओला फोम, गंज, रबर, आणि कितीतरी पोरांचा वर्षानुवर्षं न वाळलेला घाम. कोपऱ्यात ती ढकलगाडी उभी होती: लोखंडी सांगाडा, त्याच्या पुढे माणसाच्या छातीच्या उंचीला लावलेल्या पाच गाद्या. आम्ही पाच जण एका शिट्टीवर तिच्यावर आदळायचो आणि ती गवतावरून करकरत मागे सरायची. तिसऱ्या गादीचं रेक्झिन फाटलेलं होतं, ते अजून तसंच आहे.

माझ्याबरोबर काम करणारा मिरेक, पोलंडचा, म्हणाला, "भंगार. चल, उचल."

मी म्हटलं, "थांब जरा."

इथले लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्याबद्दल मी बोलत नाही. हा अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यांवर ढाली, अंड्यासारखा चेंडू. त्यात पाच जण ओळीत वाकून उभे राहतात आणि त्यांना चेंडूला हातसुद्धा लावायचा नसतो. समोरून धावून येणाऱ्याला अडवायचं, बाजूला सारायचं, मागच्याला वाट करून द्यायची, बस्स. टाळ्या मागच्याला. त्या ओळीत धिप्पाड पोरं घेतात. मी चौदाव्या वर्षी आईबाबांबरोबर पुण्याहून आलो तेव्हा पाच फूट दोन इंच होतो, आणि त्या ओळीत कसा जाऊन उभा राहिलो हे आता मला नीट आठवत नाही. आठवतात त्या भलत्याच गोष्टी. दातांवर बसवायचं रबर गरम पाण्यात बुडवून मऊ केलं की त्याला येणारी चव. हिवाळ्यात बंद हॉलच्या लाकडी जमिनीला मारलेल्या पॉलिशचा वास. एप्रिलात मैदानापलीकडे मोहरीसारखं पिवळंधमक होणारं शेत, आणि त्या पिवळ्यावर ठळक उठून दिसणारा माक्स.

माक्स सोळाचा, वजन एकशे आठ किलो. गुलाबी गाल, पुदिन्याच्या गोळ्यांचा वास. सरावाच्या शेवटी दोघादोघांची झुंज असायची, बाकीचे भोवती गोल करून टाळ्या वाजवायचे. मी रोज माक्सच्या वाट्याला, कारण बाकी कुणाशी मला लावलं तर त्यांना कंटाळा यायचा. शिट्टी वाजायची आणि मी आकाश बघत असायचो. त्याचं मला काही वाटलं नसतं. खेळ आहे, पडतो माणूस. पण पाडल्यावर माक्स मला ओलांडून जायचा. घाईनं नाही. सावकाश, पावसात साचलेलं डबकं ओलांडावं तसा, एक पाय, मग दुसरा.

त्याला काय माहीत! आमच्या घरात आडव्या पडलेल्या पोराला कुणी ओलांडत नाही. ओलांडलं तर उंची खुंटते. आई चादर घालतानासुद्धा वळसा घालून जायची. मी पाच फूट दोन इंच, आणि हा रोज मला ओलांडतोय! मी मोजत होतो. सूड घ्यायचा असेल तर मोजावं लागतं. रात्री... नाही, भर दुपारीसुद्धा, इतिहासाच्या तासाला, मी डोळे उघडे ठेवून बघायचो: माक्स गवतावर पडलाय, आणि मी त्याच्यावरून सावकाश चाललोय.

बाबांनी मला मंगळवारी आणि गुरुवारी शुभांगीताईकडे गणिताला लावलं होतं. पहिल्याच दिवशी मी तिला काकू म्हणालो. ती म्हणाली, "काकू म्हणालास तर अपूर्णांक शिकवणार नाही." तेव्हापासून ताई. तिच्या स्वयंपाकघरात कायम फोडणीचा आणि बाळाच्या पावडरीचा एकत्र वास. तिचा ईशान तेव्हा बाबागाडीत झोपणारा होता. एकदा मी वाकडा बसलो होतो, बरगडी दुखत होती. तिने विचारलं, मी सांगितलं. पडण्याचं सांगितलं तेव्हा ती वही तपासत राहिली. ओलांडण्याचं सांगितलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

"किती वेळा?"

"सतरा."

"चल खाली."

इमारतीमागे कपडे वाळत घालायचं गवत होतं. तिने मला तिथे पाठीवर झोपायला लावलं, बाबागाडीला ब्रेक लावला, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचली आणि मला उलट बाजूने ओलांडायला लागली. ओलांडलेलं उलटं ओलांडलं की फिटतं, हे तिच्याही घरातलं आणि माझ्याही. एक. दोन. तीन. वरच्या बाल्कनीतून एक जर्मन आजोबा पाइप ओढत बघत होते. ताईचा चेहरा पूजेला बसल्यासारखा गंभीर. अकराव्याला मला हसू फुटलं. ती म्हणाली, "हलू नको, आकडा चुकला तर परत पहिल्यापासून." सतरा झाले. मग ती माझ्या शेजारी गवतावर बसली आणि म्हणाली, "हे फिटलं. उंची वाढायची तेवढी वाढेल. आता सांग, तू उभा का राहतोस?"

"म्हणजे?"

"तो येतो तेव्हा तू ताठ उभा राहत असशील. घाबरलेला माणूस ताठ होतो. मोठ्या माणसाचं वजन वर असतं रे, छातीत, खांद्यात. तू त्याच्या वजनाच्या खाली जायचंस."

तिने गवतातलं एक पिवळं फूल वरून धरून ओढलं. तुटलं. दुसरं बुंध्याला बोटं घालून, किंचित हलवून ओढलं. मुळासकट आलं. "उचलायचं नाही," ती म्हणाली, "उखडायचं."

त्या दिवसापासून अर्धा तास अपूर्णांक आणि अर्धा तास गवत. पावसात, थंडीत तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांसमोरच्या बोळात. तिथे साबणाचा आणि ओल्या सिमेंटचा वास असायचा. ताई जुनी गादी अंगापुढे धरून उभी राहायची आणि मी तिच्यावर जायचो. "कंबर खाली. अजून. खुर्चीवर बसतोयस असं समज, आणि खुर्ची काढून घेतलीय." पहिलं पाऊल वीतभर, जास्त नाही. लांब पाऊल टाकलं की एक क्षण एका पायावर असतो माणूस, आणि तेवढाच क्षण समोरच्याला पुरतो. हात आतून, बाहेरून नाही. अंगठे वर. मग पाय थांबवायचे नाहीत, छोटी छोटी पावलं, तव्यावर चालल्यासारखी. गादी धरलेली ताई दर वेळी भिंतीला जाऊन लागायची आणि दर वेळी म्हणायची, "मी शेहेचाळीस किलोची बाई आहे, फुशारू नको."

चूकही झाली. तिच्या अंगात कबड्डी, त्यामुळे माझ्याही अंगात आधी तीच उतरली. पुढच्याच सरावाला माक्स आला आणि मी सरळ सूर मारून त्याचा घोटा धरला. तो धाडकन पडला. मला वाटलं, झालं! ट्रेनर हॉल्गर शिट्टी वाजवत धावत आला. "नाइन, नाइन! असं नाही! इथे कोंबड्या पकडायला आलायस का?" पोरं आठवडाभर मला बघून कोंबडीसारखी ओरडत होती, आणि हॉल्गरने मला माक्सशी लावणं बंद केलं, त्यामुळे आकडा सतरावर थांबला. त्या संध्याकाळी ताई तोंडाला हात लावून हसली, मग म्हणाली, "चुकलंच माझं. मला तुमचा खेळ बघायला हवा." आणि तिने खरंच तो बघितला, मोबाइलवर, ईशानला भरवताना, कितीतरी दिवस. धरायचं नाही हे तिच्या हातांना पटत नव्हतं, पण तिने ते माझ्या हातांना पटवलं.

दुसऱ्या वर्षी माक्सचं घर बदललं आणि तो पलीकडच्या गावाच्या संघात गेला. मला अगदी लुटल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी मी शिकत होतो तोच निघून गेला! मग सामन्यांचा कागद लागला. जूनमध्ये ते आमच्याकडे येणार होते, आणि माझ्यासमोर तोच असणार होता.

सामन्याआधी हॉल्गरने मला बाजूला घेतलं. "आल्झो, ऐक. तो तुझ्यावरून दोनदा आत आला तर चालेल. तिसऱ्यांदा आला तर तू बाहेर. तुझ्या जागी राखीवातला टोबिआस आत. आणि मग या मोसमात परत ओळीत नाही." मी मान हलवली. बाबांना वाटत होतं मी ताईकडे क्वालीची तयारी करतोय. क्वाली म्हणजे नववीची मोठी परीक्षा, तिच्यावर पुढचं सगळं ठरतं. ताईने त्यांना फोनवर सांगितलं होतं, "आज जास्त वेळ बसवते त्याला." माझ्यासाठी बोललेलं तिचं एकुलतं एक खोटं.

त्या दिवसाचा वास मला आजही कुठेही ओळखता येईल. भाजलेले सॉसेज, सनक्रीम, तापलेलं प्लास्टिक. माक्स मोठा झाला होता, अजून मोठा. मला बघून हसला आणि कोंबडीचा आवाज काढला. पहिल्या अर्ध्यात तो एकदा आत घुसला. दुसऱ्या अर्ध्यात परत एकदा, आणि मी पडलेला असताना सावकाश माझ्यावरून पलीकडे गेला. अठरा. दोरीच्या बाहेरून, जर्मन आईबापांच्या गर्दीतून, बाबागाडीच्या दांड्याला धरून एक आवाज आला:

"बस की रं खाली! उभा काय राहतोस, फोटो काढायचाय का?"

साऱ्या मैदानाने वळून बघितलं. एकालाही कळलं नाही. मला कळलं.

शेवटची काही मिनिटं. आमच्या पळणाऱ्याला माझ्या बाजूने वाट हवी होती. मी वाकलो, बोटं गवतात. माक्सच्या बुटांना चिकटलेला चिखल दिसत होता. चेंडू हलला. वीतभर पाऊल. कंबर खाली, अजून खाली. तो वरून आला आणि माझे तळवे त्याच्या छातीवर आतून बसले, आणि मग जे झालं ते सांगायला माझ्याकडे चांगला शब्द नाही. तो हलका झाला. एकशे आठ किलो, जास्तच असेल, माझ्या दोन तळहातांवर हलकं झालं. छोटी पावलं, तव्यावर. एक, दोन, तीन. तो मुळासकट निघाला आणि पाठीवर पडला. आमचा पळणारा माझ्या खांद्याला घासून गेला, चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला आणि गर्दी ओरडली.

माक्स आडवा. मी वर. सगळं जसं इतिहासाच्या तासाला बघितलं होतं तसं. मी पाय उचलला.

त्याला ओलांडायला उचललेला पाय त्याच्या खांद्याला लागला. आणि माझा हात, मी न सांगता, खाली गेला, त्याच्या खांद्याला टेकला आणि माझ्या छातीशी आला.

पाय लागला की नमस्कार करायचा. वहीला, माणसाला, कुणालाही. लहानपणापासून हाडात बसलेलं. दोन वर्षं जपलेला सूड एका बाजूला, आणि आईने लावलेली सवय दुसऱ्या. सवय आधी पोचली.

पंचाने पिवळा रुमाल फेकला. पडलेल्याची टिंगल केली म्हणून दंड. आमचे गुण राहिले, पण हॉल्गर लाल होऊन ओरडत होता, "काय केलंस ते? छाती काय बडवतोस?" मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगत होतो की टिंगल नाही, ही माफी आहे. पाय लागला, म्हणून माफी.

माक्स उठून बसला होता. त्याने ऐकलं. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, अगदी साध्या आवाजात, "वोफ्यूर?" कशासाठी?

त्याला खरंच माहीत नव्हतं. अठरा वेळा, आणि त्याला माहीतच नव्हतं! मी माझ्या जागेवर परत गेलो. रुमाल उचलला गेला, खेळ पुढे चालू झाला, आम्ही जिंकलो, आणि मी त्याचा तो प्रश्न आजवर माफ केलेला नाही. पाडलं ते पुरेसं होतं, असं ताई म्हणते. मला नाही पुरलं.

क्लबच्या पानावर फोटो आला. मी वाकलेला, हात छातीशी, पायाशी माक्स, मागे दोरीपाशी बाबागाडीसकट ताई. ऑफिसातल्या कुणीतरी तो बाबांना दाखवला. रविवारी चारच्या चहाला आम्ही वर गेलो होतो. ताईने पोहे केले होते, लिंबाची फोड प्रत्येक बशीत. बाबांनी बशीला हात लावला नाही.

"वहिनी, आम्ही पोराला तुमच्याकडे गणितासाठी पाठवत होतो."

"गणितही झालं, भाऊजी. तो क्वालीला बसेल."

"काय बसेल? तुम्ही स्वतः खेळत बसलात, संसारात पडल्यावर संपलं. आता आमच्या पोराचं शिक्षणही संपवा. बिघडवलंत त्याला."

ताईचे यजमान खिडकीकडे बघत होते. ईशान चमच्याने बशी वाजवत होता. ताईने माझ्याकडे बघितलं. फार नाही, एकदाच. मी बोलायला हवं होतं. त्या फोनसाठी मीच तिला गळ घातली होती, खेळ माझा होता, खोटं माझ्यासाठी होतं. मी लिंबाची फोड पिळत राहिलो. ती पिळून पिळून पांढरी झाली.

क्वालीत मी नापास झालो. त्यात ताईचा काही दोष नव्हता, मी कोऱ्या कागदाकडे बघत बसलो होतो. त्यानंतर शाळेत गेलो नाही. घरात मात्र एकच वाक्य राहिलं: त्या बाईनं बिघडवलं. ताईचं कुटुंब फ्रँकफर्टला गेलं, आईबाबा पुण्याला परतले, मी इथेच राहिलो. ज्या वाकण्यानं माक्स पडला त्याच वाकण्यावर मी आज जेवतो. चौथ्या मजल्यावरचं धुलाई यंत्र खाली आणताना दोघे आडदांड गडी कमरेला हात लावून उभे राहतात, आणि मी यंत्राच्या खाली जातो. कंबर खाली, हात आतून, छोटी पावलं. मिरेक विचारतो, कुठे शिकलास? मी म्हणतो, एका शेहेचाळीस किलोच्या बाईकडे. त्याला ती थट्टा वाटते.

मंगळवारी ढकलगाडीच्या मागे आमच्या पहिल्या वर्षाचा संघाचा फोटो सापडला, फुटक्या काचेत. मागच्या रांगेत मधोमध माक्स. टोकाला मी, अर्धा चौकटीबाहेर. मी काच झटकली, फोटो पत्र्याच्या खोलीच्या जमिनीवर ठेवला, आणि सावकाश, एक पाय मग दुसरा, त्याच्यावरून पलीकडे गेलो. पाय लागू न देता. सगळ्यांवरून एकदमच गेलो, माझ्यावरूनसुद्धा, त्याला इलाज नव्हता.

मिरेकने दारातून विचारलं, "काय करतोयस?"

"उंची कमी करतोय."

"कुणाची?"

 मी परत उलटा आलो नाही, फोटोला वळसा घालून बाहेर आलो. चूक असेल तर असो. कंपनीत नव्या कामांची यादी आली की मी अजून आधी नावं वाचतो. कधीतरी माक्सचं नाव येईल, पाचवा मजला, लिफ्ट नाही. मी त्याचं कपाट एक ओरखडा न पाडता खाली आणीन, आणि मग त्याच्या दारात उभा राहून त्याच्या प्रश्नाचं उत्तर देईन. अठरा वेळा, एकेक करून.

ढकलगाडी भंगारात दिली. तिसऱ्या फाटक्या गादीचा तुकडा मात्र मी कापून घेतलाय, तो आता गाडीत माझ्या सीटखाली आहे, ओल्या फोमच्या वासासकट.

माक्सचं जमेल तेव्हा जमेल. पण त्या रविवारच्या चहाला तिच्या स्वतःच्या घरात, तिच्याच पोह्यांपुढे, आम्ही ताईला ओलांडलं. आधी बाबांनी, मग न बोलता मी. ती एकदाही तसं म्हणाली नाही. फोन केला की जेवलास का विचारते, गुडघे सांभाळ म्हणते, ईशान फोनवर येतो आणि मराठीतलं सगळं समजून जर्मनमध्ये उत्तर देतो.

बाबा कधीतरी इकडे येतील. तेव्हा मी त्यांना गाडीत बसवून फ्रँकफर्टला आणीन, ताई. चारच्या चहाला. तू पोहे कर, नको करूस, तुझी मर्जी. मी बाबांच्या समोर बसेन आणि त्या दिवशी न बोललेलं वाक्य बोलेन: बाबा, मला हिनं बिघडवलं नाही, मी हिच्यामुळे उभा आहे. माझा आवाज कापेल, मला माहीत आहे. पण तू माझ्यासाठी सतरा वेळा उलटी चाललीस. मी तुझ्यासाठी एकदा उलटा येईन.